‘मंजूर, मंजूर’ म्हणण्यापूर्वी

३१ मार्चला हिशेबाचे वर्ष संपते, उन्हाळ्यात पुस्तके लेखापरीक्षकाकडे जातात आणि पावसाळा लागला की गावोगावच्या ज्येष्ठ नागरिक संघांच्या फलकांवर एक सूचना दिसू लागते : ‘वार्षिक सर्वसाधारण सभा रविवारी सकाळी दहा वाजता. सर्व सभासदांनी अगत्याने उपस्थित राहावे. सभेनंतर स्नेहभोजन.’ आपल्या समाजातील ज्या वडीलधाऱ्यांनी दुकानाच्या किल्ल्या मुलांच्या हाती सोपवल्या आहेत, त्यांतील कितीतरी जण आज अशा संघांचे सभासद आहेत. काही अध्यक्ष आहेत. आणि हिशेबाचा हात बसलेला म्हणून खजिनदारपद तर बहुधा आपल्यापैकीच कोणाकडे येते. म्हणून या महिन्याचे हे पान त्या सभेसाठी राखून ठेवले आहे.

अशी सभा कशी चालते, हे बहुतेकांनी पाहिले आहे. स्वागतगीत होते, दीपप्रज्वलन होते, पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो. प्रमुख पाहुणे ‘आनंदी वार्धक्य’ या विषयावर बोलतात आणि दिलेल्या वेळेपेक्षा थोडे अधिकच बोलतात. तोवर साडेअकरा वाजून गेलेले असतात. मग कार्यवाह मागील सभेचे इतिवृत्त ‘वाचले असे समजून’ कायम करण्याची विनंती करतात. खजिनदार जमेचा आणि खर्चाचा शेवटचा आकडा वाचतात. मागच्या रांगेतून ‘मंजूर, मंजूर’ असा आवाज येतो. आमटीचा वास सभागृहात पोहोचलेला असल्याने त्या आवाजाच्या आड कोणी येत नाही. ज्या कामासाठी सभा बोलावली, ते सात-आठ मिनिटांत उरकते.

रोजकीर्दीत दहा रुपयांचा फरक निघाला तर तो सापडेपर्यंत दुकानाचा दिवा न मालवणारा माणूस इथे काही लाखांचा ताळेबंद न उघडताच मान डोलावतो. कारण विचारले तर उत्तर मिळते, ‘सगळी आपलीच माणसे आहेत. विचारणे बरे दिसत नाही.’ ही भावना सभ्यपणातून येते, यात शंका नाही. परंतु त्या सभ्यपणाची किंमत शेवटी कोण भरतो, हे पाहिले पाहिजे. संघाचा पैसा आटला, कागद अपुरे राहिले, तर ज्याचे घर भरलेले आहे त्याचे फारसे बिघडत नाही. ज्याला संघाच्या खोलीशिवाय दुपार घालवायला दुसरी जागा नाही, ज्या आजींना औषधासाठी संघाच्या साहाय्य निधीचाच आधार आहे, त्यांचे बिघडते. म्हणून हिशेब विचारणे हे अविश्वासाचे लक्षण मानू नये. सभासदाचे ते वर्षातून एकदा करावयाचे काम आहे आणि ते त्यानेच करावयाचे आहे.

पैसा कोणाचा?

पेढी आणि संघ यांत एक मूलभूत भेद आहे आणि व्यापारी माणसाने तो आधी मनात पक्का करावा. पेढीवर मालकाचा शब्द अखेरचा असतो. भागीदारी मोडली तर देणी देऊन उरलेले भांडवल भागीदार आपापल्या हिश्शाप्रमाणे उचलतात. संघाच्या पैशात मात्र कोणाचाच हिस्सा नसतो. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याचे कलम १४ सांगते की, संस्था विसर्जित झाल्यास देणी भागवून उरलेली मालमत्ता सभासदांत वाटून घेता येत नाही; ती दुसऱ्या संस्थेकडे जाते. म्हणजे आपण दिलेली वर्गणी देताक्षणीच आपली राहत नाही. आपण तिचे मालक नसून राखणदार असतो आणि राखणदाराला वर्षातून एकदा चावी दाखवावी लागते.

सात किंवा अधिक व्यक्तींनी एकत्र येऊन या कायद्याखाली संस्था नोंदवता येते. महाराष्ट्रात असे संघ बहुधा १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातही नोंदलेले असतात. या दुहेरी नोंदणीमुळे वार्षिक सभेला दोन मुदती जोडलेल्या आहेत. सभा झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत नव्या कार्यकारिणीची यादी संस्था निबंधकांकडे दाखल करावयाची असते. आणि विश्वस्तांत बदल झाला असेल, तर तो घडल्यापासून नव्वद दिवसांच्या आत बदल अर्ज करावयाचा असतो. स्नेहभोजन आटोपले की वर्षाचे काम संपले, असे मानणारे संघ इथेच अडकतात. अध्यक्षांना जाऊन दोन वर्षे झालेली असतात आणि बँकेत मात्र सही त्यांचीच चालू असते. मग एखादी ठेव मोडण्याची वेळ आली की सगळे पदाधिकारी जुने इतिवृत्त शोधत कपाटे उपसतात.

हे कागद केवळ कार्यालयांच्या समाधानासाठी असतात, असेही नाही. सरकारने १९७९ साली आपल्या कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाचे सूत्र अधिक उदार केले. पण त्याचा लाभ ३१ मार्च १९७९ रोजी वा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांनाच देऊ केला. आधी निवृत्त झालेले वगळले गेले. संरक्षण मंत्रालयातून निवृत्त झालेले डी. एस. नाकारा यांच्यासह तिघा अर्जदारांनी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड ज्याचे प्रमुख होते, त्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १७ डिसेंबर १९८२ रोजी ही तारखेची भिंत पाडली. त्या निकालाची आठवण म्हणून निवृत्तांच्या संघटना १७ डिसेंबर हा दिवस आजही पाळतात. या खटल्यातील तिसरा अर्जदार व्यक्ती नव्हता. ती १८६०च्या कायद्याखाली नोंदलेली ‘कॉमन कॉज’ नावाची संस्था होती. न्यायालयाची खर्चिक आणि लांबलचक वाट एकट्याने चालणे ज्यांना शक्य नव्हते, अशा अनेक वृद्धांनी तिच्याकडे आपली गाऱ्हाणी पाठवली होती. त्यांच्या वतीने ती उभी राहिली आणि न्यायालयाने तिला उभे राहू दिले. व्यापाऱ्याला निवृत्तिवेतन नसते, हे खरे. परंतु एकट्या वृद्धाचा आवाज जिथे पोहोचत नाही तिथे संघाचा पोहोचतो, आणि तो पोहोचवायचा तर संघाची नोंदणी, कार्यकारिणी आणि ठराव ही सगळी कागदोपत्री जिवंत असावी लागतात.

सभेआधी

सभेचे यश सभेच्या आधीच ठरते. पहिले काम म्हणजे संघाची घटना, म्हणजेच नियमावली, कपाटातून काढून वाचणे. सभेची सूचना किती दिवस आधी द्यावी, ती कशी पोहोचवावी, गणसंख्या किती असावी, मतदान हात वर करून की चिठ्ठीने, या प्रश्नांची उत्तरे तिच्यात असतात आणि दर संघाची उत्तरे वेगळी असू शकतात. शेजारच्या संघात असे करतात, हे उत्तर नव्हे.

सूचना केवळ व्हॉट्सॲपच्या गटावर टाकून मोकळे होऊ नये. ज्यांच्याकडे साधा फोन आहे, ज्यांचा क्रमांक बदलला आहे, पतीच्या निधनानंतर ज्यांचे नाव गटात कोणी जोडलेच नाही, त्या सभासदांना सभा कळतच नाही; आणि ज्याला सूचनाच मिळाली नाही, त्याने उद्या आक्षेप घेतला तर तो रास्त ठरतो. छापील सूचना, विषयपत्रिका आणि हिशेबपत्रके एकाच पाकिटात घरपोच जावीत. अक्षर मोठे असावे. ताळेबंद सभेच्या दारात हाती देणे म्हणजे तो न वाचण्याची सोय करणे होय.

जागा तळमजल्यावरची निवडावी. पायऱ्या असतील तर कठडा हवा. खुर्च्यांना पाठ हवी. स्वच्छतागृह जवळ हवे. आणि ध्वनिक्षेपक आदल्या दिवशी तपासलेला असावा. ज्यांना कमी ऐकू येते त्यांच्यासाठी पुढची रांग राखून ठेवावी. सभेत वारंवार ‘काय म्हणाले?’ असे विचारावे लागले, की माणूस संकोचून गप्प बसतो आणि पुढच्या वर्षी येत नाही. वेळ सकाळची चांगली, कारण मधुमेहाच्या औषधांना आणि जेवणाला एक घड्याळ असते. आपल्या घरांतील अनेक वडीलधारे सूर्यास्तापूर्वी जेवतात. सायंकाळची सभा लांबली तर ते अर्ध्यातून उठतात आणि निवडणुकीचा विषय नेमका शेवटी असतो. तसेच पर्युषणाच्या दिवसांत सभा ठेवून मग ‘तुमची मंडळी आली नाहीत’ असे म्हणण्यात अर्थ नाही. ही गोष्ट कार्यकारिणीतल्या आपल्या माणसाने तारीख ठरतानाच सांगावी.

सत्कार आणि व्याख्यान वगळावे, असे सुचवायचे नाही. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या गळ्यात हार घातले, त्याला पंच्याहत्तराव्या वर्षी एक शाल मिळावी, हे योग्यच आहे. फक्त क्रम उलटा करावा. आधी दिवंगत सभासदांना श्रद्धांजली, मग सभेचे कामकाज, मग सत्कार आणि शेवटी भोजन. पाहुण्यांना अकरा वाजता बोलवावे. ताजेतवाने असताना हिशेब आणि थकल्यावर भाषण, हे दोघांनाही मानवते.

यादी आणि गणसंख्या

सभेच्या दारात दोन मेजे हवीत. एकावर उपस्थितीची वही, दुसऱ्यावर सभासदांची अद्ययावत यादी. ही यादी जितकी साधी वाटते तितकी ती नसते. अनेक संघांच्या यादीत दिवंगत सभासदांची नावे वर्षानुवर्षे राहतात. नाव खोडायला हात धजत नाही. पण घटनेत एकतृतीयांश गणसंख्या असेल आणि तीनशेच्या यादीतील साठ जण हयात नसतील, तर ऐंशीऐवजी शंभर माणसे जमवावी लागतात. श्रद्धांजलीचा ठराव झाला की कार्यवाहांनी त्याच आठवड्यात नोंदवहीत निधनाची तारीख लिहावी. नाव पुसले जात नाही. ते सभासदांच्या रकान्यातून स्मृतीच्या रकान्यात जाते.

मत कोणाला देता येते, हेही आधी स्पष्ट असावे. १८६०च्या कायद्याचे कलम १५ म्हणते की, ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक काळ थकली आहे, त्याला त्या कायद्याखालील कामकाजात मत नाही आणि सभासद म्हणून त्याची गणनाही नाही. ऐन सभेच्या दारात थकबाकी भरून मतदान करता येईल काय, यावर दरवर्षी वाद होतो. घटनेत उत्तर असेल तर ते सूचनेतच छापावे. नसेल तर कार्यकारिणीने आधी निर्णय घेऊन तो सर्वांना सारखा लावावा. एकाला सवलत आणि दुसऱ्याला नियम, यातून जे मनाला लागते ते पुढे वर्षभर भरून येत नाही.

गणसंख्या नसेल तर सभा तहकूब करून ‘अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी’ घेण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. ती घटनेत लिहिलेली असेल तरच चालते. त्या तहकूब सभेत मूळ विषयपत्रिकेवरचेच विषय घ्यावेत. ‘आयत्या वेळचे विषय’ या शेवटच्या ओळीचा तर फार दुरुपयोग होतो. रस्त्यावरचा दिवा, सहलीची तारीख, वाचनालयाची वेळ, असे विषय तिथे ठीक. वर्गणीवाढ, खर्चाची मोठी मंजुरी, घटनादुरुस्ती हे विषय तिथे आणणे म्हणजे जे घरी राहिले त्यांना न विचारता निर्णय घेणे. संस्थेचा उद्देश बदलायचा किंवा दुसऱ्या संस्थेत विलीन व्हायचे, तर कायद्याने वाट जाणूनबुजून लांब ठेवली आहे : प्रस्ताव दहा दिवस आधी लेखी पाठवावा, खास सभेत तीनपंचमांश मते मिळावीत, आणि एक महिन्याच्या अंतराने दुसऱ्या सभेत तितक्याच मतांनी त्यावर शिक्कामोर्तब व्हावे. घाईत घेतलेला निर्णय महिनाभरात निवळतो, हा त्यामागचा अनुभव आहे.

इतिवृत्त कायम करणे याचा अर्थही नीट समजून घ्यावा. मागील सभेत जे झाले ते बरोबर लिहिले गेले आहे काय, एवढाच तो प्रश्न असतो. तो निर्णय आज आपल्याला पटतो की नाही, यावर तिथे पुन्हा वाद घालावयाचा नसतो. हा भेद अध्यक्षांनी एका वाक्यात सांगितला तरी सभेचा अर्धा तास वाचतो.

ताळेबंद कसा वाचावा

आता मुख्य विषय. संघाचा ताळेबंद वाचताना तीन प्रश्न विचारले तरी पुरे.

पहिला प्रश्न : आजीव वर्गणी कुठे गेली? समजा, एका संघात तीनशे आजीव सभासद आहेत आणि प्रत्येकाने एकदाच एक हजार रुपये भरले आहेत. म्हणजे तीन लाख रुपये ठेवीत असावयास हवेत. सात टक्के दराने त्यांचे वर्षाचे व्याज एकवीस हजार. दर सभासदामागे वाढदिवसाचे शुभेच्छापत्र, नियतकालिक, चहापाणी, वीजबिल असा वर्षाचा खर्च दीडशे रुपये धरला तर तो होतो पंचेचाळीस हजार. चोवीस हजारांची तूट. ही तूट भरण्याची सर्वांत सोपी वाट म्हणजे त्या वर्षी आलेल्या चोवीस नव्या सभासदांची आजीव वर्गणी चालू खर्चात टाकणे. जमाखर्च पत्रक शिल्लक दाखवते, सभा टाळ्या वाजवते. पण दरवर्षी चोवीस नवे सभासद मिळत राहिले आणि गळती धरली नाही, तर पाच वर्षांनी सभासद होतात चारशे वीस, खर्च होतो त्रेसष्ट हजार. व्याज मात्र जुन्या तीन लाखांवरचेच, एकवीस हजार. आता बेचाळीस हजारांची तूट भरायला दरवर्षी बेचाळीस नवे सभासद लागतात. ज्या वर्षी ते येणार नाहीत, त्या वर्षी जुन्या ठेवीला हात लागेल.

व्यापाऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. गिऱ्हाइकाचा आगाऊ पैसा विक्रीत धरून नफा मोजणारी पेढी किती दिवस चालते, हे त्याला ठाऊक आहे. आजीव वर्गणी हाही एका अर्थी आगाऊ घेतलेला पैसाच आहे. तिच्या बदल्यात संघाने त्या माणसाला त्याच्या हयातीपर्यंत सेवेचे वचन दिलेले असते. म्हणून ती मूळ निधीत जमा व्हावी, चालू उत्पन्नात नव्हे. आणि दर दोन-तीन वर्षांनी व्याज आणि खर्च यांचा मेळ घालून तिचा दर सभेपुढे ठेवावा. दरवाढ म्हटली की कुरबूर होणारच. पण ही मांडणी फळ्यावर खडूने करून दाखवली, तर जन्मभर मापात राहिलेली माणसे ती मान्य करतात.

दुसरा प्रश्न : ठेवी कुठे आणि कोणाच्या नावावर आहेत? ठेवपावत्या संघाच्याच नावावर असाव्यात आणि व्यवहार दोन सह्यांनी व्हावा. ओळखीच्या पेढीत चार आणे जास्त व्याज मिळते म्हणून संघाची रक्कम तिथे ठेवण्याचा मोह आपल्या समाजात नवा नाही, आणि त्यामागचा हेतूही अनेकदा संघाच्या भल्याचाच असतो. परंतु सार्वजनिक न्यासाचा पैसा कुठे गुंतवावा यावर १९५०च्या कायद्याच्या कलम ३५चे बंधन आहे आणि खाजगी पेढी त्यात बसत नाही. आपला स्वतःचा पैसा आपण जोखमीवर लावू शकतो. दुसऱ्याच्या औषधाचा पैसा लावू शकत नाही. बँकेतही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ठेव विम्याचे संरक्षण एका ठेवीदाराला एका बँकेत मुद्दल आणि व्याज धरून पाच लाख रुपयांपर्यंतच असते. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून वाढवली गेली. संघाची रक्कम त्याहून मोठी असेल तर ती एकाच बँकेत ठेवावी काय, हा प्रश्न सभेने विचारावा.

तिसरा प्रश्न : ज्या कामासाठी देणगी आली, त्याच कामावर ती खर्च झाली काय? कोणी आईच्या स्मरणार्थ चाकांच्या खुर्च्यांसाठी रक्कम दिली, कोणी वैद्यकीय साहाय्यासाठी दिली. त्या रकमा ताळेबंदात आपापल्या नावाने वेगळ्या दिसल्या पाहिजेत. सहलीचा खोळंबा नको म्हणून साहाय्य निधीतून उसने घेतले आणि नंतर परत टाकले, हे उत्तर तोंडी ऐकून घेऊ नये. परत टाकल्याची नोंद खतावणीत दाखवण्यास सांगावे.

प्रश्न आणि उत्तर

हे प्रश्न कसे विचारावेत, यालाही महत्त्व आहे. सभेतला प्रश्न अध्यक्षांना उद्देशून असतो, खजिनदारांच्या नावाने नव्हे. हिशेबाविषयीचे प्रश्न सभेआधी चार दिवस लेखी मागवावेत. त्यामुळे खजिनदारांना पावत्या काढून ठेवता येतात आणि साऱ्या सभेपुढे अडखळण्याची वेळ त्यांच्यावर येत नाही. सत्तरी ओलांडलेल्या, बिनपगारी काम करणाऱ्या माणसाला चारचौघांत कोंडीत पकडून मिळालेले उत्तर संघाच्या उपयोगाचे नसते. त्याच न्यायाने, प्रश्न आला की ‘माझ्यावर विश्वास नाही काय?’ असे म्हणून किल्ल्या मेजावर ठेवणाऱ्या खजिनदारांनीही थोडे थांबावे. विश्वास आहे म्हणूनच त्यांना खजिनदार केले. प्रश्न विश्वासाचा नसून नोंदीचा आहे. पूर्ण पावत्यांनिशी उत्तर दिलेला खजिनदार सभेतून अधिक मोठा होऊन बाहेर पडतो. सख्खे भाऊ भागीदार असतात तिथेही दिवाळीला वह्या समोर येतात, आणि त्यामुळेच भाऊ भाऊ राहतात.

अध्यक्षांनी बोलणाऱ्याला तीन मिनिटे द्यावीत आणि तीच तीन मिनिटे माजी अध्यक्षांनाही द्यावीत. वृद्धांच्या सभेत बोलणे लांबते, कारण घरी ऐकणारे कमी झालेले असतात. ही गोष्ट समजून घेऊन, तरीही प्रेमाने थांबवणे, हे अध्यक्षांचे कसब. ज्या प्रश्नाचे उत्तर हाताशी नाही, तिथे ‘माहिती घेऊन महिन्याच्या आत फलकावर लावू’ असे सांगावे आणि ते वाक्य तारखेसह इतिवृत्तात लिहावे.

पुढचा माणूस

निवडणूक बिनविरोध झाली, याचा संघांना अभिमान असतो. तो अभिमान दर वेळी रास्त असतोच असे नाही. पुष्कळदा बिनविरोध याचा अर्थ इतकाच असतो की, दुसरा कोणी पुढे आला नाही. एकच कार्यवाह पंधरा वर्षे निष्ठेने काम करतात; नोंदणीचे प्रमाणपत्र कुठे, लेखापरीक्षकाचे नाव काय, संगणकाचा परवलीचा शब्द काय, हे सारे त्यांच्या डोक्यात असते. एके दिवशी ते आजारी पडतात आणि संघ आंधळा होतो. दुकानात आपण असे करत नाही. मुलाला गादीवर बसवण्याआधी त्याच्याकडून दोन वर्षे रोजकीर्द लिहून घेतो. तसेच प्रत्येक पदाला एक सहकारी नेमावा आणि दोन वर्षांनी त्याच्याकडे पद द्यावे.

आणखी एक गोष्ट. संघात स्त्री-सभासदांची संख्या मोठी असते; कार्यकारिणीत मात्र त्यांच्या वाट्याला पाहुण्यांना पुष्पगुच्छ देण्याचे काम येते. ज्यांनी चाळीस वर्षे एकत्र कुटुंबाचा खर्च, सणवार, लग्नकार्याची देणीघेणी वहीत लिहून सांभाळली, त्यांना खजिनदारपद जड जाईल, असे मानण्याला काही आधार नाही. त्यांचे नाव सुचवावे. आणि सुचवण्यापूर्वी त्यांना विचारावे.

सभा संपल्यावर

पाने वाढली गेली, आभार मानले गेले, सभागृहाची किल्ली परत गेली. इतिवृत्त त्याच आठवड्यात लिहावे, कारण दोन महिन्यांनी प्रत्येकाला वेगळी सभा आठवते. ते पृष्ठक्रमांक घातलेल्या बांधीव वहीत असावे; ठराव शब्दशः, सूचक आणि अनुमोदक यांच्या नावांसह, विरोधी मते असतील तर त्यांच्या संख्येसह. भाषणे लिहिण्याची गरज नाही. मग चौदा दिवसांची यादी, नव्वद दिवसांचा बदल अर्ज, बँकेतील सह्यांचा बदल, या तीन कामांवर एकेका व्यक्तीचे नाव आणि तारीख टाकून तो कागद फलकावर लावावा.

शेवटचे एक काम कोणत्याही कायद्यात सांगितलेले नाही. दर संघात असे पाच-दहा सभासद असतात, ज्यांना आता घराबाहेर पडता येत नाही. कोणाचे गुडघे गेले, कोणी अंथरुणावर आहेत. त्यांनी वर्गणी भरलेली असते आणि एके काळी सभेच्या खुर्च्याही मांडलेल्या असतात. इतिवृत्ताची आणि ताळेबंदाची एकेक प्रत घेऊन कार्यकारिणीतील कोणीतरी त्यांच्या घरी जावे, त्यांच्याजवळ बसून ठेवी किती, खर्च किती, नवे अध्यक्ष कोण, हे वाचून दाखवावे. त्यांनी एखादा प्रश्न विचारला तर तो लिहून घ्यावा आणि कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत ठेवावा.